पाच मात्रांचे स्वागत

महाविद्यालयीन चर्चासत्राला ‘राष्ट्रीय’ ही पदवी नेमकी कशाने प्राप्त होते, या प्रश्नाचा खल पुण्या-मुंबईकडे जसा व्हायचा असेल तसा होवो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्याचा निकाल भूगोलाने केव्हाच देऊन ठेवला आहे. जिल्ह्याची उत्तर सीमा मध्यप्रदेशाला भिडलेली असून बऱ्हाणपूर हे परप्रांतातले शहर आम्हां घाटाखालच्या लोकांना आमच्या विद्यापीठाच्या अमरावतीपेक्षा जवळ पडते; तेव्हा बऱ्हाणपुराहून एखादा प्राध्यापक स्वखर्चाने येतो म्हणाला, की आदल्या दिवशीपर्यंत विभागीय असलेले चर्चासत्र रातोरात राष्ट्रीय होते आणि तशा मजकुराचा फ्लेक्स सकाळी प्रवेशद्वारावर फडफडू लागतो.

अशाच एका राष्ट्रीय चर्चासत्राला, बी. ए.च्या द्वितीय वर्षातील संगीताचा विद्यार्थी या नात्याने, एका शनिवारी-रविवारी बुलढाण्याला हजर राहण्याचा योग विभागप्रमुखांच्या लेखी हुकमाने मला आला. विषय होता संगीतशिक्षणाची परंपरा आणि त्यापुढील आव्हाने. परंपरा हा भाग व्याख्यात्यांसाठी असतो आणि आव्हाने हा अनुदानासाठी, हे मला विभागातल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी आधीच समजावून सांगितले होते. माझे स्वतःचे काम या दोहोंत कोठेही बसणारे नव्हते. मला स्वागतगीत म्हणायचे होते.

आमच्या महाविद्यालयात संगीत हा विषय शिकवला जातो, ही गोष्टच मुळी पुष्कळांना स्वागतगीतावरून कळते. एरवी विभागाची खोली जिन्याखाली, सायकलतळाच्या शेजारी आहे. तीत दोन पेट्या, एक तबल्याची जोडी, भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे काही भाग आणि एक मिरजेचा तंबोरा एवढी जिंदगी. विद्यार्थिसंख्या कमी पडली म्हणून हा विषय बंद करावा असा प्रस्ताव व्यवस्थापनाच्या दप्तरी मधूनमधून येतो, आणि दर वेळी तो एकाच मुद्द्यावर बारगळतो: मग पाहुणे आल्यावर गाणार कोण? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे उद्घाटन असो, विज्ञान मंडळाचे असो, अथवा मूल्यांकन समितीची तपासणी असो, व्यासपीठावर पाहुण्यांची स्थापना झाली की पेटी उघडावी लागते. विद्यापीठगीत आमच्याकडेच असते आणि २०२३ सालापासून राज्यगीताचीही जबाबदारी आमच्यावर आली आहे. मोगलाईत गवयाला दरबाराचा आश्रय असे आणि तो आश्रय गेला म्हणून संगीताचे इतिहासकार उसासे टाकतात; परंतु दरबार कोठेही गेलेला नाही, त्याने फक्त मखमली खुर्च्या भाड्याने आणायला सुरुवात केली आहे, असे माझे निरीक्षण आहे.

या स्वागतगीताची रचना फार वर्षांपूर्वी विभागातल्याच कोणा हुशार माणसाने केली असावी, कारण ती कचेरीतल्या छापील नमुन्याप्रमाणे आहे. ध्रुपदात एका ठिकाणी पाच मात्रांची जागा कोरी ठेवलेली असून ज्या विषयाची परिषद असेल त्याचे नाव तेथे भरायचे. इतिहास, भूगोल, वाणिज्य, मराठी हे सारे विषय वृत्ताच्या दृष्टीने पाच मात्रांचे निघतात, हा विद्याशाखांचा केवढा उपकार! अर्थशास्त्र सहा मात्रांचे असल्याने तेथे एक मात्रा गिळावी लागते, आणि गणित तीनच मात्रांचे पडल्यामुळे उरलेल्या दोन मात्रांत एक लहानशी मुरकी घालून वेळ मारून न्यावी लागते. गणिताच्या प्राध्यापकांना ही मुरकी आपल्या सन्मानार्थ आहे असे वाटते आणि त्यांचा तो समज दूर करण्याचे आम्हांला कारण पडलेले नाही. गृहअर्थशास्त्र विभागाची परिषद जाहीर झाली तेव्हा मात्र आमच्या सरांनी आजारपणाची रजा टाकली होती. संगीत हा शब्द पाच मात्रांचा आहे हे आम्हांला या वेळी प्रथमच ध्यानात आले, कारण आमच्याच विषयाची परिषद भरण्याचा प्रसंग यापूर्वी आला नव्हता.

विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकत असतानाची एक हकिकत त्यांच्या चरित्रांतून हटकून सांगितली जाते. गावातल्या एका समारंभाचे निमंत्रण पलुसकरांना आले, प्रत्यक्ष गुरूंना आले नाही. आणि कारण विचारले असता ते तर गवई, त्यांना कशाला निमंत्रण, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ही अवहेलना मनात ठेवून त्यांनी १८९६ साली मिरज सोडली, पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले, आणि त्यांच्या मागे शिष्यांनी १९३१ मध्ये जे मंडळ स्थापन केले त्याच्या प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या परीक्षांना आज खेड्यापाड्यांतली मुलेमुली बसत असतात. समाजाने गवयाला समारंभाला बोलवावे हा त्या थोर पुरुषाचा हेतू आज इतका संपूर्ण सफल झालेला आहे की गवयावाचून समारंभ सुरूच होत नाही. समारंभ एकदा सुरू झाला, की गवयाने उजवीकडच्या पडद्याआडून उतरून मागल्या दाराने चहाकडे जावे, एवढाच काय तो शिरस्ता नव्याने पडला आहे.

खामगावच्या कापसासाठी १८७० साली जलंबपासून लोहमार्गाचा फाटा काढण्यात आला आणि तो उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण मात्र डोंगरावर असल्यामुळे आजतागायत रेल्वेवाचून आहे. घाटाखालच्या आमच्या गावाहून तेथे जायचे तर मोताळ्यावरून एस. टी.ने राजूर घाट चढावा लागतो. तंबोरा सोबत न्यावा असा सरांचा आदेश होता, आणि तंबोरा घेऊन एस. टी.त शिरणे ही गायनविद्येतली अशी एक क्रिया आहे की जिचा अंतर्भाव कोणत्याही अभ्यासक्रमात नसला तरी जिच्यात प्रावीण्य मिळवल्यावाचून आमच्या भागात कोणी पदवीधर होत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत खास वाढवलेला भोपळा, मिरजेच्या सतारमेकरांची कारागिरी, २०२४ साली त्या वाद्यांना मिळालेले भौगोलिक मानांकन, हे सारे मी वाहकाला सांगितले असते. पण त्याने प्रश्नच निराळा केला.

“हा भोपळा कोनाचा हाय भाऊ?”

मी मिरजेचा तंबोरा असल्याचे निवेदन केले.

“मिरजेचा असो का मलकापूरचा, जागा तं घेते ना? याचं तिकीट काढा लागते.”

तिकीट काढले. तिकीट काढल्यामुळे तंबोऱ्याला आसनावर बसण्याचा हक्क प्राप्त झाला, आणि मी उभा राहिलो. घाटाच्या पहिल्याच वळणावर एका आजीबाईंनी त्याच्या भोपळ्याशी डोके टेकून जी झोप घेतली ती थेट बुलढाण्याच्या स्थानकापर्यंत. एवढा निःशंक आश्रय कोणा मानवी गायकाच्या सान्निध्यात त्यांना लाभला असता असे मला वाटत नाही.

चर्चासत्राच्या सभागृहात तंबोऱ्याचे स्वागत माझ्यापेक्षा चांगले झाले. सजावट समितीने तो तत्काळ ताब्यात घेतला, समईच्या उजव्या अंगाला उभा केला आणि त्याच्या तारांवरून झेंडूचा एक भरघोस हार असा काही चढवला की त्यानंतर त्यातून स्वर निघण्याची शक्यताच राहिली नाही. सुरासाठी एक विजेवर चालणारी पेटी टेबलाखाली ठेवण्यात आली. खरा तंबोरा शोभेला आणि शोभेचा तंबोरा सुराला, ही वाटणी कोणालाच खटकली नाही.

उद्घाटनाची वेळ सकाळी साडेदहाची होती. साडेअकराला असे कळले, की माननीय उद्घाटकांची मोटार राजूर घाटात एका नादुरुस्त मालट्रकमागे अडकली आहे. आणि सूत्रसंचालकांनी ध्वनिक्षेपकावर, “तोपर्यंत संगीत विभागाचे विद्यार्थी आपले मनोरंजन करतील,” अशी घोषणा करून आमच्याकडे पाहिले. आमची तयारी भूपाची होती, कारण स्वागतगीत भूपात बांधलेले आहे. भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा राग असून त्याच दिवशी दुपारच्या सत्रात रागांच्या समयसिद्धान्तावर एक शोधनिबंध वाचला जायचा होता. त्या निबंधाच्या विदुषी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या आणि भर मध्याह्नीच्या आमच्या भूपाला त्यांनी मान डोलावून दाद दिली, ही त्यांची सहृदयता मी विसरणार नाही. मालट्रक हलेपर्यंत भूप चालला. बंदिश संपली, ताना संपल्या, तबलजी मित्राने आपल्याला येत होते तेवढे सगळे कायदे वाजवून टाकले, आणि ज्या क्षणी आम्हांला खरोखरच काहीतरी सुचू लागले होते नेमक्या त्या क्षणी दाराशी गडबड उडून उद्घाटक आले.

मग दरबार भरला. मानकऱ्यांचा क्रम, शालींचा क्रम, श्रीफळांचा क्रम यांत तिळमात्र चूक होऊ नये म्हणून एक प्राध्यापक यादी घेऊन पडद्याआड उभे होते. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद करण्यात आले. स्वागतगीताला आम्ही उभे राहिलो, पाच मात्रांत संगीत बसवले. पण पहिला अंतरा उरकतो न उरकतो तोच उद्घाटकांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे असल्याची चिठ्ठी फिरली आणि सूत्रसंचालकांनी हाताने आवरते घ्या अशी खूण केली. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये प्रत्यक्ष अध्यक्षांनी हरकत घेतली असताही पलुसकरांनी आपले वंदे मातरम् पुरे करूनच जागा सोडली होती. हे उदाहरण परंपरेच्या प्रश्नपत्रिकेत मी सविस्तर लिहिले होते आणि त्याचे मला चांगले गुणही मिळाले होते. आम्ही दुसरा अंतरा गाळला.

उद्घाटक म्हणाले, की मला संगीतातले काही कळत नाही. संगीताच्या परिषदेत हे विधान विनयाचे समजले जाते आणि त्यावर टाळ्या पडतात. नंतर त्यांनी लहानपणी गावच्या हरिनाम सप्ताहात टाळ धरल्याची आठवण सांगितली, जिल्ह्याला संतांची परंपरा असल्याचे सांगितले (मेहुणाराजाचे चोखामेळा आणि शेगावचे गजानन महाराज यांवाचून आमच्याकडे कोणतेही भाषण पूर्णत्वास जात नाही), आणि सिंदखेडराजाला वंदन करून ते खाली उतरले. त्यांच्यामागोमाग निम्मे सभागृहही उतरले. मला त्यांचे भाषण प्रामाणिक वाटले, हे नमूद केले पाहिजे. पुढच्या दोन दिवसांत संगीत कळत असल्याचे सांगणारी जी मंडळी बोलली, त्यांच्यापैकी कितीजणांनी कधी टाळ धरला असेल याविषयी मी साशंक आहे.

शोधनिबंधांच्या सत्रात प्रत्येकाला सात मिनिटे होती आणि अध्यक्षांच्या हाती घंटी होती. गुरुशिष्यपरंपरा श्रेष्ठ की विद्यालयीन शिक्षण श्रेष्ठ, या विषयावरचे निबंध सर्वाधिक होते. विद्यालयीन शिक्षणावर ज्यांचे वेतन अवलंबून आहे अशा सर्व वक्त्यांनी एकमुखाने कौल गुरुशिष्यपरंपरेला दिला. संगीतोपचारावरच्या निबंधात गायी, टोमॅटो आणि रक्तदाब यांच्यावरील रागांचे परिणाम कथन करण्यात आले. सर्वांत रंगला तो बावीस श्रुतींचा निबंध. लेखकाने त्या बावीसही श्रुती प्रात्यक्षिकासह दाखवतो असे सांगून पेटी मागवली, आणि सप्तकाला बाराच पट्ट्या असल्याचे प्रत्यक्ष पेटीपुढे बसल्यावर त्यांच्या ध्यानात आले.

यात नवे काहीच नव्हते. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हाही निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी नोकरीतले इंग्रज गृहस्थ क्लेमंट्स या जोडीच्या श्रुतींच्या पेटीवरूनच रण माजले होते, आणि पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी मोठमोठ्या गवयांना साक्षीला उभे करून तो दावा खोडून काढला होता. त्यानंतर दिल्ली, बनारस, लखनौ अशा परिषदा झाल्या, त्यांतून १९२६ साली लखनौचे संगीत महाविद्यालय निघाले. १९४० मध्ये नभोवाणीने पेटीलाच हद्दपार केले आणि १९७१ मध्ये तिला पुन्हा आत घेतले. खटला मात्र फैसल झालेला नाही. आमच्या अध्यक्षांनी तो सात मिनिटांत फैसल केला. त्यांनी घंटी वाजवली, आणि तिचा स्वर पांढरी दोनच्या किंचित वर, पेटीत कोठेही नसलेल्या अशा ठिकाणी लागला. बावीसपैकी एक श्रुती तरी सप्रमाण सिद्ध झाली, असे तबलजी मित्र माझ्या कानात पुटपुटला.

भोजन उत्तम होते. वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, ठेचा आणि बुंदी. याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण या एकाच सत्राला सर्व प्रतिनिधी वेळेवर हजर होते आणि कोणाच्याही प्रतिपादनावर मतभेद झाला नाही.

आमची निवासव्यवस्था वसतिगृहात होती. डोंगरावरचे गाव, हवेत गारवा, चार गावांहून आलेली गाणारी मुले एका खोलीत, आणि कोणीतरी मालकंसाचा षड्ज लावलेला, एवढ्यात अधीक्षकांचा शिपाई निरोप घेऊन आला, की रात्री दहानंतर आवाज करण्यास मनाई आहे. आम्ही संगीत परिषदेला आलो आहोत असे त्याला सांगितले. त्याने तेच कारण अधीक्षकांनी आधी कळवून ठेवल्याचे सांगितले. पहाटे भैरव गावा म्हटले तर साडेपाचला पाण्याची रांग लागते. भातखंड्यांनी आठही प्रहरांना राग वाटून दिले आहेत खरे. परंतु रात्र अधीक्षकांची, पहाट नळाची, सकाळ उद्घाटनाची आणि संध्याकाळ आभारप्रदर्शनाची असा बंदोबस्त झाल्यावर गायकाच्या वाट्याला जेवणानंतरचा सारंगाचा तेवढा प्रहर उरतो, आणि त्या प्रहरी वऱ्हाडातला श्रोता जागा ठेवणे तानसेनालाही साधले नसते.

रविवारी प्रतिनिधींच्या संख्येत अकस्मात घट झाली. राष्ट्रीय विद्वत्तेला आमच्या जिल्ह्याकडे ओढून आणणारी खरी शक्ती संगीतशिक्षणाची आव्हाने ही नसून लोणारचे सरोवर आणि शेगावची कचोरी ही आहे, हे तेव्हा उमगले. ज्यांना निसर्गाची ओढ होती ते भल्या पहाटे उल्केचे विवर पाहायला गेले. ज्यांना अध्यात्माची होती ते दर्शन घेऊन, येताना स्थानकाजवळून कचोऱ्यांचे पुडे बांधून, परभारे आगगाडीने आपापल्या गावी जाणार होते. बऱ्हाणपूरचे प्राध्यापकही गेल्यामुळे चर्चासत्र दुपारपासून तांत्रिकदृष्ट्या पुन्हा विभागीय झाले. अहवालातल्या छायाचित्रात सभागृह रिकामे दिसू नये यासाठी आम्हां स्वागतगीतवाल्यांना पुढच्या तीन रांगांत अंतर ठेवून बसवण्यात आले, आणि पाचजणांच्या गळ्यांत निघून गेलेल्या विद्वानांची ओळखपत्रे अडकवण्यात आली. माझ्या वाट्याला विद्यावाचस्पती पदवी आली होती.

त्या अवस्थेत मी जो शेवटचा निबंध ऐकला तो तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांचा. कायम नियुक्ती नाही, सुट्टीचे वेतन नाही, घड्याळी तासाप्रमाणे मानधन, आणि तेही केव्हा मिळेल ते खजिन्याच्या मर्जीवर. त्यामुळे सर्वांत शेवटचा क्रमांक त्यांना मिळणे रास्तच होते. त्यांच्याजवळ छापील कागद नव्हता. ते म्हणाले, की तंबोरा नीट जुळवायला मला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. हजेरीला पाच जातात. मुले दुसऱ्या इमारतीतून येईपर्यंत आणखी दहा. म्हणून मी तंबोरा जुळवणे सोडून दिले आणि विजेची पेटी लावली. आता माझ्या हातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलांपैकी तंबोरा जुळवता येईल असा एकही नाही, आणि यांतलीच काही उद्या शिक्षक होतील. इतके बोलून त्यांनी समईजवळचा आमचा तंबोरा उचलला, झेंडूचा हार काढून खुर्चीवर ठेवला आणि जुळवायला बसले. खुंट्या पिरगाळल्या, मणी सरकवले, तारांखालचा जवारीचा दोरा जागेवर आणला. घंटी वाजवणारे अध्यक्ष लोणारला गेलेले होते. तारा मिळाल्यावर त्यांनी डोळे मिटून पूरियाधनाश्रीचे आलाप केले, थोडे, पण असे की माझ्या गळ्यातली विद्यावाचस्पती पदवी मला टोचू लागली.

ध्वनिक्षेपकापाशी बसलेल्या मंडपवाल्याच्या पोराने बराच वेळ धीर धरला होता. आलाप थांबताच तो म्हणाला, “झालं का सर जुळवनं? मंग करा ना चालू.”

समारोपात ठराव झाले. संगीत शिक्षकांची रिक्त पदे भरावीत, तबला साथीदारांची पदे मंजूर करावीत, शालेय स्तरापासून संगीत अनिवार्य करावे. ठरावाला अनुमोदक म्हणून ओळखपत्रावरची नावे वाचण्यात आली आणि त्या त्या नावाला आम्ही हात वर केले. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना मतदानाचा अधिकार नव्हता. प्रमाणपत्रे छापून तयार होती. त्यांत नाव आणि सहभागाचा प्रकार यांसाठी टिंबटिंब सोडलेले होते, आणि शोधनिबंध वाचन, सत्राध्यक्षता, श्रोता या प्रकारांत स्वागतगीत नसल्यामुळे लिपिकाने थोडा विचार करून माझ्या प्रमाणपत्रावर ‘इतर’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले.

उतरताना वाहक दुसरा होता. त्याने तंबोऱ्याचे तिकीट घेतले नाही, पण तो मागच्या बाकाखाली आडवा घालायला लावला, आणि मघा जुळवलेल्या तारा घाटाच्या प्रत्येक वळणावर एकेक श्रुती उतरत मोताळ्यापर्यंत पूर्ण सैल झाल्या. सोमवारी जिन्याखालच्या खोलीच्या दारावर सूचना चिकटवलेली होती: गुरुवारी सकाळी अकरा वाजता रसायनशास्त्र विभागाचे राष्ट्रीय चर्चासत्र असून संगीत विभागाने स्वागतगीत तयार ठेवावे. सरांनी पेटी पुढे ओढली, शास्त्र गाळून नुसते रसायन ठेवले, बोटांवर मोजले, आणि चाल आहे तशीच राहील असे सांगितले.